आधी आपण

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी अतिशय सभ्य होते. त्या जंगलाचं दुखणं म्हणाल तर एवढंच होतं.

हे जंगल आपल्याकडचं नव्हे. ते दूर इराणात, बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी होतं. डाळिंबांची आणि पिस्त्यांची झाडं, मधून वाहणारा एक झरा आणि झऱ्याकाठी बाजार. तिथला लांडगासुद्धा कोकराला खाण्याआधी घरच्यांची खुशाली विचारी. कोकरू मान लववून म्हणे, "आपली कृपा आहे." मग लांडगा त्याला खाई. उरलेली मेंढरं म्हणत, काही म्हणा, लांडगा खानदानी आहे.

या सभ्यपणाला तिथं तारूफ म्हणत. तारूफ म्हणजे काय ते कान देऊन ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. तारूफ म्हणजे तोंडानं द्यायचं आणि हातानं घट्ट धरून ठेवायचं. एस्फंदियार नावाच्या बोकडाची बाजारात रोट्यांची भट्टी होती. त्याला रोटीची किंमत विचारली की तो छातीवर खूर ठेवून म्हणे, "आपल्यापुढे किंमत ती कसली? न्या तशीच." गिऱ्हाईक म्हणे, "छे छे, असं कसं." बोकड पुन्हा म्हणे, "न्या हो." गिऱ्हाईक पुन्हा नको म्हणे. तिसऱ्यांदा नको म्हटलं की बोकड किंमत सांगे, आणि ती कालच्यापेक्षा जास्त असे.

कोणी वाटेत भेटलं की म्हणायचं, "घर आपलंच आहे, जेवायला या." ऐकणाऱ्यानं म्हणायचं, "येईन की." आणि जायचं नाही. गेला तर त्याच्यासारखा अडाणी कोणी नाही. पिल्लं चालायला लागायच्या आधी हे शिकत, आणि ज्यांना शिकता येत नसे त्यांना आईबाप पाहुण्यांसमोर आणत नसत.

या जंगलात गुलनार नावाची एक साळू राहत असे. साळू म्हणजे अंगभर काटे असलेलं साळिंदर. गुलनार आपल्याच पाठीचा काटा उपसून शाईत बुडवी आणि चित्रं काढी. दुकानांच्या पाट्या रंगवून तिचं पोट चाले. बोकडाच्या भट्टीवरची हसरी रोटी तिनंच काढलेली होती. रंगवून झाल्यावर बोकडानं मजुरी पुढे केली, तेव्हा तीही रीतीप्रमाणे नको म्हणाली होती. बोकडानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

गुलनारचं मन मात्र पाट्यांत नव्हतं. तिचं मन लहानपणापासून ऑस्कर नावाच्या एका बेडकात अडकलेलं होतं.

हा ऑस्कर खरा बेडूक नव्हता. तो फिरंग्यांच्या जंगलातून येणाऱ्या चित्रगोष्टींच्या पुस्तकांतला होता. गळ्यात पिवळा मफलर, बसायला फुगा. फुग्यातून तो जगभर हिंडे आणि सगळीकडे घोटाळे करून ठेवी, कारण त्याला एक खोड होती. कोणी काही बोललं की तो ते खरं मानी. अर्ध्या जगातली पिल्लं त्याच्यावर जीव टाकत.

परदेशी पुस्तक या जंगलात शिरायचं तर आधी सदाचार खात्यातून जाई. तिथं मीर फिरूज नावाचे एक अस्वलसाहेब काळ्या शाईची दौत घेऊन बसलेले असत. बेडूक कपडे घालत नाहीत, हे पाहून मीरसाहेबांना पहिल्याच दिवशी घाम फुटला होता. त्यांनी पानापानावर ऑस्करला गुडघ्यापर्यंत सदरा चढवला. ऑस्करच्या आत्याचे हात उघडे होते, ते काळे करून टाकले. गोष्टीच्या शेवटी ऑस्कर द्राक्षाची दारू पिऊन गाणं म्हणे. मीरसाहेबांनी गाणं खोडलं आणि दारूच्या जागी 'दूध' असं लिहिलं. दूध पिऊन हा बेडूक झोकांड्या का खातो, हे जंगलातल्या कित्येक पिढ्यांना समजलं नाही.

गुलनार लहान असताना तिनं एकदा आत्याचा काळा हात नखानं खरवडून पाहिला. खाली खरा हात असेल, असं तिला वाटलं. कागद फाटला आणि खालून पुढच्या पानावरचा दुसरा काळा डाग दिसला. ती फार रडली. मोठेपणी आपण एक पुस्तक काढायचं, आणि त्यात एकही काळा डाग पडू द्यायचा नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं. आयुष्यात तिला एवढंच हवं होतं.

मोठी झाल्यावर तिनं ते पुस्तक काढलं. त्यात ऑस्करचा फुगा भरकटत त्यांच्याच जंगलात येऊन पडतो.

पहिल्या पानावर एक दार होतं आणि दारात दोन गाढवं. एक म्हणतंय, "आधी आपण." दुसरं म्हणतंय, "छे, आधी आपण." दोघांच्या दाढ्या पांढऱ्या झाल्यात, खुरांपाशी गवत वाढलंय, आणि मागे अर्धं जंगल रांगेत ताटकळतंय. ऑस्कर त्यांच्या पायांखालून टुणकन आत जातो.

पुढे ऑस्कर रोटी घ्यायला जातो. बोकड म्हणतो, किंमत ती कसली. ऑस्कर म्हणतो, "धन्यवाद," आणि रोटी खात निघून जातो. बोकड ऊर बडवून घेतो. वाटेत एक उंट त्याला म्हणतो, घर आपलंच आहे. ऑस्कर त्याच्या घरी जातो, खुंटीला मफलर अडकवतो आणि उंटाला विचारतो, "तुम्ही माझ्याकडे किती दिवस राहणार आहात?"

शेवटच्या पानावर सिंह होता. आता, सिंह दर नवरोजला, म्हणजे तिथल्या पाडव्याला, भाषण करी. भाषण दर वर्षी तेच असे. "प्रजाजनहो, ही गादी तुमचीच आहे. मी नुसता राखणदार." सगळे माना लववून म्हणत, "छे छे महाराज, गादी आपलीच." गुलनारच्या पुस्तकात ऑस्कर हे भाषण ऐकतो. चालून चालून त्याचे पाय दुखत असतात. तो जातो आणि गादीवर बसतो. सिंह बाजूला उभा आहे आणि सगळे दरबारी एकदम आभाळात काहीतरी शोधू लागलेत, असं ते चित्र होतं.

बहराम नावाच्या उंदराचा बिळात छापखाना होता. त्यानं ते पान पाहिलं आणि पटकन पालथं घातलं.

"गुलनारखानुम, आपल्या हाताला सोन्यानं मढवलं पाहिजे," तो म्हणाला. खानुम म्हणजे बाईसाहेब. "पण हे शेवटचं पान तेवढं काढा."

"ते काढलं तर मग उरलं काय?"

"मी उरेन," बहराम म्हणाला. "माझी बायको उरेल. आपण परवानगी आणा. मग मी छापतो, हवं तर सोन्याच्या शाईनं."

म्हणून गुलनार पुस्तक घेऊन सदाचार खात्यात गेली. मीरसाहेबांनी उठून स्वागत केलं. चहा आला. मीरसाहेबांनी खडीसाखरेचा खडा दातांत धरला आणि तिथल्या रीतीनं वरून चहाचा घोट घेतला. मग गुलनारच्या आईची, आजीची आणि मेलेल्या आजोबांचीसुद्धा खुशाली विचारली. पुस्तकाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"परवानगी?" ते म्हणाले. "आपल्यासारख्या कलावतीला परवानगी देणारा मी कोण? जंगल आपलं, शाई आपली. खुशाल छापा."

बाळांनो, त्या जंगलात याचा अर्थ फार वेगळा होता. त्याचा अर्थ असा, की पुस्तक इथं टेबलावर ठेवा, घरी जा आणि जिवंत असेपर्यंत या विषयावर तोंड उघडू नका. ऐकणाऱ्यानं म्हणायचं, "छे छे, आपल्या शब्दाशिवाय कसं?" आणि पुस्तक तिथं सोडून यायचं. मीरसाहेबांच्या कपाटात अशी सोडून दिलेली पुस्तकं छतापर्यंत गेली होती. वाळवी ती वाचत असे.

गुलनारनं 'छे छे' म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिची नजर पुस्तकाच्या पहिल्या पानावर गेली. पिवळा मफलर घातलेला ऑस्कर गाढवांच्या पायांखालून तिच्याकडे बघत होता.

"धन्यवाद," गुलनार म्हणाली. पुस्तक काखेत मारून ती चालू लागली.

मीरसाहेबांच्या दातांतला खडा चहात पडला. त्यांच्या सबंध नोकरीत असा प्रसंग आला नव्हता. तिला हाक मारून थांबवावं, तर काय म्हणून हाक मारायची? मी बोललो ते खरं नव्हतं, असं कुठला सभ्य प्राणी म्हणेल? ते तसेच बसून राहिले आणि गोडमिट्ट चहा पिऊन टाकला.

पुस्तक छापलं गेलं. जंगल हसून हसून लोळलं. बोकडानं उंटाचं पान उघडून सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवलं, "अगदी आपला उंट." उंटानं बोकडाचं पान दाखवलं. गाढवं तर म्हणाली, बाई, शेजारच्या जंगलातल्या गाढवांची काय हुबेहूब चित्रं काढलीत. स्वतःला कोणी ओळखलं नाही. गुलनारला वाटलं होतं, पुस्तक वाचून हे शरमतील. ते तिला भेटून म्हणत, "आपल्या पायाची धूळ आहोत. कधीही हाक मारा, जीव हाजिर आहे." आणि ती म्हणे, "आपली कृपा." आपण काय म्हणतोय ते तिच्याही ध्यानात येत नसे.

स्वतःला ओळखलं ते एकट्या सिंहानं.

त्यानं मीरसाहेबांना बोलावून घेतलं. त्या दिवशी तो फारसा सभ्य नव्हता. "हिला आत घाला," तो म्हणाला.

"महाराज, गुन्हा कोणता लावू?"

"परवानगीशिवाय छापलं."

मीरसाहेबांनी घसा साफ केला. "महाराज, परवानगी मी दिली. म्हणजे, तोंडानं दिली. ती मनापासून नव्हती, असं चौकात सांगता येईल. पण मग प्रजा विचारील, सरकारच्या तोंडचं आणखी काय काय मनापासून नसतं. आणि मग आपलं नवरोजचं भाषण..."

सिंह बराच वेळ शेपटी आपटत राहिला. "तिला पाहुणी म्हणून आणा," तो शेवटी म्हणाला. "दम द्या, आणि सोडून द्या. काही करा, पण ही ब्याद उजेडात नको."

त्या जंगलात तुरुंग नव्हता. अशा असभ्य गोष्टी तिथं नसत. तिथं एक पाहुणचारगृह होतं. जाड भिंती, उंचावर एक झरोका आणि एकाच प्राण्याला जाता येईल एवढं अरुंद दार. दाराबाहेर एक रानडुक्कर अडसर धरून बसे. त्याला एकच हुकूम पाठ होता. साहेब बाहेर आले की अडसर घालायचा.

मीरसाहेब स्वतः गुलनारला न्यायला गेले. "आमची झोपडी पावन करा," ते म्हणाले. या वेळी कोणी तिच्या नकाराची वाट पाहिली नाही.

आत चहा होता, पिस्ते होते. मीरसाहेबांनी दिवसभर तिला दम दिला, पण तारूफमध्ये. "आपल्या पाठीवरचे काटे किती सुंदर आहेत. ते कोणी एकेक करून उपटले, तर आम्हाला जेवण जाणार नाही." तिला आपले काटे आठवले आणि काट्यांशिवाय चित्र काढता येणार नाही हेही आठवलं. तरी तिनं शेवटचं पान फाडायला नकार दिला. मी विचारून छापलं, एवढंच ती म्हणत राहिली. ती खरोखरच शूर होती, बाळांनो. हे मी चेष्टेनं म्हणत नाही.

ऊन कलल्यावर मीरसाहेब दमले. त्यांची पाठ धरली होती आणि घरी बायको वाट पाहत होती. "ठीक आहे," ते उठत म्हणाले. "आम्ही आपलं काही वाकडं करू शकत नाही. आपण सुटलात. घरी जावं."

गुलनारचा कानांवर विश्वास बसेना. ती उठली. तिचे पाय हलके झाले होते. पुस्तक वाचलं होतं, काटे वाचले होते, आणि पुस्तकात एकही काळा डाग नव्हता. आनंदानं तिचं डोकं जाग्यावर राहिलं नाही. ती आणि मीरसाहेब बरोबरच दाराशी पोचले.

दार अरुंद होतं.

"चला," मीरसाहेब म्हणाले.

आणि गुलनारच्या तोंडातून, आईच्या दुधाबरोबर जे आत गेलं होतं ते बाहेर आलं. "आधी आपण."

मीरसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ते खरंच चकित झाले होते. "नाही, आपण निघा."

"छे छे, आपण वयानं मोठे. आधी आपण."

"अहो, आपण निघा म्हणतो ना."

"असं कसं? आपल्या पुढे मी जाणं शोभतं का?"

हे तिचं तिसऱ्यांदा होतं. तिसऱ्यांदा म्हटलेलं ऐकायचं असतं, नाहीतर समोरच्याचा अपमान होतो. मीरसाहेबांनी छातीवर पंजा ठेवला, मान लववली आणि ते बाहेर पडले.

साहेब बाहेर आले. रानडुकरानं अडसर घातला.

गुलनार बंद दाराकडे बघत उभी होती आणि तिला ते पहिलं पान दिसत होतं. ती दोन गाढवं तिनं अगदी निरखून काढली होती. शरमेनं तिच्या पाठीचे सगळे काटे मिटून आडवे झाले. ऑस्कर असता तर एव्हाना घरी पोचून रोटी खात बसला असता.

मीरसाहेब दाराबाहेर क्षणभर थांबले. अडसर काढायला एक शब्द पुरला असता. पण पाहुणीनं इतका आग्रह केला होता, आणि तो मोडायचा म्हणजे काय? शिवाय वरून जे करायला सांगितलं होतं त्यापेक्षा काम चांगलं झालं होतं. तिला कोणी पकडलं नव्हतं. ती आपखुशीनं मागे राहिली होती. साहेब शीळ घालत घरी गेले.

जंगलात बातमी पसरली. सगळे झरोक्याखाली जमले. "आपल्यासाठी जीव हाजिर आहे," उंट म्हणाला.

"मग अडसर काढ," आतून गुलनार म्हणाली.

उंट हसला. "आपला विनोद म्हणजे विनोद," असं म्हणून तो घराकडे वळला. बोकडानं झरोक्यातून रोटी आत टाकली आणि किंमत ती कसली म्हणाला. पण तो गेला नाही. ती तीनदा नको म्हणेपर्यंत खाली उभा राहिला. बहराम उंदरानं बिळाचं तोंड लिंपून घेतलं होतं, त्यामुळे त्याला ही बातमी कळली नाही, असं त्यानं पुढे सगळ्यांना सांगितलं.

दरम्यान सदाचार खात्यानं ते पुस्तक स्वतःच पुन्हा छापलं. नाव ठेवलं 'सभ्यतेचे धडे'. गाढवं आता आदर्श होती. ऑस्करला सदरा होता आणि तो शेवटी गाढवांची माफी मागत होता. शेवटच्या पानावर गादीवर जो कोणी बसला होता त्याच्या जागी मोठा काळा डाग होता. पुस्तक पिल्लांच्या शाळेत लागलं. एक प्रत मीरसाहेबांनी अगत्यानं गुलनारला आत पाठवली. तिनं त्या डागावर नख ठेवलं, आणि मग काढून घेतलं.

रोज सकाळी मीरसाहेब झरोक्याखाली येत. "कशी काय झोप लागली? इथं राहून आपल्याला काही त्रास तर होत नाही ना?"

आणि रोज गुलनारची जीभ तिला विचारल्याशिवाय म्हणे, "छे छे, त्रास कसला." मग ती दिवसभर स्वतःवर चरफडे. भिंतीला तोंड करून तालीम करी. होय, होतो. होय, होतो. मला घरी जायचंय. एवढे साधे शब्द, पण ते घशातून वर येताना तिला पाहुण्याच्या ताटात थुंकल्यासारखं वाटे.

हिवाळा सरला. डाळिंबांना लाल कळ्या आल्या. एका सकाळी मीरसाहेब नेहमीप्रमाणे आले आणि म्हणाले, "काही त्रास तर होत नाही ना?"

गुलनारनं दोन्ही पंजांनी भिंत धरली. "होतो," ती म्हणाली. "फार त्रास होतो. मला घरी जायचंय. अडसर काढा."

मीरसाहेबांनी छातीवर पंजा ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"किती भीड बाळगता, खानुम," ते म्हणाले. "सरकारवर आपला भार पडू नये म्हणून असं बोलता, हे आम्हाला कळत नाही का? आता आम्ही आपल्याला जाऊ देणारच नाही."

तात्पर्य : आपण ज्यांच्यावर हसतो त्यांच्यातलेच असू, तर आधी दाराबाहेर पडावं आणि मग हसावं. आणि बाळांनो, कोणी "आधी आपण" म्हणालं, तर "बरं" म्हणून चालू लागावं. असभ्य प्राणी घरी जाऊन जेवतात. सभ्यांना झरोक्यातून रोटी मिळते, आणि तीसुद्धा तीनदा नको म्हणावी लागते.